दारं, फेंडर, बोनेट: गाडीच्या पत्र्याची गॅप मागून पुढे कशी जुळवायची

नाशिकच्या द्वारका चौकात किंवा पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला गाडी कुठेतरी टेकते. डेंटिंग होतं, रंगही जुळतो, पण बोनेट आणि फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) यांच्यामधली फट एका बाजूला बोट जाईल एवढी आणि दुसऱ्या बाजूला पत्र्याला पत्रा घासेल एवढी राहते. मग मालक १० नंबरचा पाना घेऊन बोनेटपासून सुरुवात करतो. बोनेट सरळ झालं की फेंडर वाकडं दिसतं, फेंडर हलवलं की दार त्याला घासतं. संध्याकाळपर्यंत सगळे बोल्ट सैल झालेले असतात आणि गाडी सकाळपेक्षा वाईट दिसते.

क्रम उलटा धरल्यामुळे हे होतं. मागच्या चाकावरचा क्वार्टर पॅनल बॉडीला वेल्ड केलेला असतो, तो पान्याने हलत नाही. म्हणून मोजमाप तिथून सुरू करायचं: क्वार्टर पॅनलला मागचं दार जुळवा, मागच्या दाराला पुढचं, पुढच्या दाराला फेंडर, फेंडरला बोनेट आणि सर्वांत शेवटी बंपर आणि हेडलाइट. बोनेट डोळ्यांसमोर असतं म्हणून हात आधी तिकडे जातो. तो आवरा.

खाली दिलेलं सगळं बोल्टवर बसवलेल्या पत्र्यांबद्दल आहे. छत, खांब (दारांच्या कडेचे बॉडीचे उभे भाग) आणि क्वार्टर पॅनल घरी करायची कामं नाहीत.

## टप्पा १: हे काम पान्याचं आहे का, ते आधी ठरवा

पाना हातात घेण्याआधी गाडीभोवती सावकाश एक फेरी मारा. पुढच्या तीन गोष्टींपैकी एक जरी दिसली, तरी घरी काम सुरू करू नका.

एक, दार आणि क्वार्टर पॅनलमधली फट खाली बरोबर आणि वर उघडलेली आहे, आणि दार हाताने उचलून पाहिलं तर बिजागरीत अजिबात खेळ नाही. अशा वेळी खांब किंवा उंबरठा (दाराखालची बॉडीची पट्टी) सरकलेला असण्याची शक्यता मोठी. दोन, गाडी सरळ रस्त्यावर एका बाजूला ओढते किंवा एकाच टायरची एकच कड खाल्ली जाते आहे. तीन, बोनेट उघडल्यावर ॲप्रनवर, म्हणजे फेंडरमागच्या आतल्या पत्र्यावर सुरकुती दिसते, कारखान्याचं सीलंट तडकलंय, किंवा वेल्डच्या ठिपक्यांभोवतीचा रंग उडालाय.

बोनेटखाली एक सोपी तपासणी करता येते. डाव्या सस्पेन्शनच्या टॉवरवरचा (जिथे शॉकॲब्सॉर्बरचं वरचं टोक बसतं) एक बोल्ट आणि समोरच्या आडव्या पट्टीच्या उजव्या टोकाचं एक भोक, एवढं अंतर टेपने मोजा. मग नेमकी त्याची उलटी जोडी मोजा. दोन्ही आकड्यांत २ ते ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर सांगाडा तिरका झालाय, असं समजून गाडी जिग (सांगाडा ओढून सरळ करायची चौकट) असलेल्या वर्कशॉपला न्या. सांगाडा वाकलेला असताना बोल्ट सरकवून गॅप जुळवली, तर वरून सगळं ठीक दिसतं. पण पुढच्या धडकेत ताकद जिथून जायला हवी, तिथून ती जात नाही.

थांबा: विम्याचा दावा करायचा असेल तर सर्व्हेअरने गाडी पाहून फोटो काढेपर्यंत एकही बोल्ट सोडू नका.

## टप्पा २: जागा, वेळ, हत्यारं

गाडी चारही चाकांवर सपाट जागी उभी हवी. जॅकवर घेतलेली बॉडी किंचित पिळवटते, आणि त्या अवस्थेत जुळवलेलं दार गाडी खाली उतरवताच पुन्हा हलतं. सोसायटीच्या पार्किंगच्या फरशीला बहुधा पाण्यासाठी उतार दिलेला असतो, तेव्हा आधी पाण्याची लेव्हल लावून बघा. चारही टायरमध्ये हवा बरोबर भरा आणि डिकीतलं सामान काढा.

काम सावलीत करा, आणि मोजणी व जुळणी एकाच दिवशी उरका. बंपर प्लास्टिकचा असतो, आणि प्लास्टिक उष्णतेने पत्र्याच्या कितीतरी पट जास्त फुगतं. निफाडला थंडीत पारा ५ अंशांच्या खाली उतरतो आणि मे महिन्यात नाशिकमध्येच तो ४० अंशांच्या आसपास असतो. पहाटेच्या गारठ्यात घट्ट बसवलेला बंपर मे महिन्यात फुगून फेंडरला ढकलू लागतो.

लागणारं सामान: ८, १०, १२, १३ आणि १४ नंबरचे सॉकेट, रॅचेट, लांब एक्स्टेन्शन, स्ट्रायकरसाठी (दाराचं लॉक ज्यात अडकतं तो खटका) टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या टोकाच्या बिटांचा संच, टॉर्क रेंच (ठरावीक जोराने बोल्ट आवळणारा पाना), प्लास्टिकच्या क्लिपा काढायचं साधन, मास्किंग टेप, बारीक मार्कर, लाकडी ठोकळा आणि जुनं ब्लँकेट. फट मोजायला ३, ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या ड्रिल बिटची मागची गुळगुळीत दांडी उत्तम चालते. टोकाची बाजू रंगाला लावू नका. जोडीला एक माणूस हवाच. दार आणि बोनेट एकट्याने करायचं काम नाही.

क्लिपा आणि शिम (पत्र्याखाली घालायच्या पातळ पट्ट्या) काम सुरू करण्याआधीच आणून ठेवा. द्वारका आणि मुंबई नाक्याच्या परिसरातल्या पार्टच्या दुकानात जाताना जुनी क्लिप नमुन्याला बरोबर न्या. दिसायला सारख्या क्लिपांच्या दांड्या वेगवेगळ्या जाडीच्या असतात.

थांबा: हेडलाइट, बंपर किंवा दाराच्या आतल्या वायरींना हात लावायचा असेल तर इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबा. धडकेचे सेन्सर पुढच्या पट्टीवर आणि काही गाड्यांत दारातही असतात. एअरबॅगचे कनेक्टर बहुतेक गाड्यांत पिवळे असतात. ते ओढू नका आणि त्यांच्या आसपास हातोडा चालवू नका.

## टप्पा ३: मोजा, लिहा, खुणा करा

डोळ्याला जे दिसतं त्यावर भरवसा ठेवू नका. गडद रंगाच्या गाडीवर फट लहान भासते, पांढऱ्या गाडीवर मोठी.

प्रत्येक फट तीन जागी मोजा: वर, मध्ये, खाली. कागदावर गाडीची बाजू काढून आकडे त्या त्या जागी लिहा. मग तेच दुसऱ्या बाजूला करा. आजच्या बहुतेक गाड्यांत ही फट ३ ते ५ मिलिमीटरच्या आत असते, आणि कारखान्यातून नवी निघालेली गाडीसुद्धा दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखी नसते. फट वरपासून खालपर्यंत एकसारखी असणं आणि दोन्ही बाजूंत मिलिमीटरभराहून जास्त फरक नसणं, एवढंच ध्येय ठेवा.

पुढचं मोजमाप लोक हमखास विसरतात, ते लेव्हलचं, म्हणजे शेजारचे दोन पत्रे एका पातळीत आहेत का याचं. नखाची कड पुढच्या पत्र्यावरून मागच्या पत्र्यावर सरकवा. मागच्या पत्र्याची पुढची कड किंचित आत असली तर चालतं, बाहेर आलेली चालत नाही. बाहेर आलेल्या कडेवर वारा आपटतो आणि हायवेवर शिट्टी वाजते.

आता खुणा. ज्या बिजागरीला किंवा स्ट्रायकरला हात लावणार, तिच्याभोवती मार्करने बारीक रेघ ओढा. काम फसलं तर परत यायला तीच वाट आहे. प्रत्येक कडेवर मास्किंग टेपचे दोन थर लावा.

हेडलाइट काढावा लागणार असेल तर आदल्या रात्री गाडी भिंतीसमोर उभी करून दोन्ही झोतांच्या वरच्या कडा टेपने भिंतीवर नोंदवा. चाकं कुठे होती त्याची खूणही जमिनीवर करा.

## टप्पा ४: दारं, आधी मागचं आणि मग पुढचं

जास्तीत जास्त वेळ इथे जाणार आहे आणि तो जाऊ द्यावा. दार चुकलं तर पुढचं सगळं त्या चुकीवर बसवलं जाईल.

४.१ बिजागरी झिजलीय का, ते बघा. दार अर्धं उघडा, मागच्या कडेखाली हात घालून हलकेच उचला. बिजागरीत टकटक खेळ जाणवला तर पिन किंवा बुश गेलंय. खेळ असलेल्या बिजागरीवर जुळवाजुळव करण्यात अर्थ नाही. दार महिन्याभरात पुन्हा लोंबेल. काही गाड्यांत पिन-बुश वेगळं मिळतं, काहींत पूर्ण बिजागरी बदलावी लागते. जुन्या मॉडेलचं बुश बाजारात मिळालं नाही तर अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतला लेथवाला नमुन्यावरून पितळी बुश काढून देऊ शकतो. नाशिकला ही सोय आहे, तिचा उपयोग करून घ्यावा.

४.२ स्ट्रायकर काढा. हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. खांबावरचा लोखंडी खटका, ज्यात दाराचं लॉक अडकतं, त्याभोवती रेघ ओढून तो पूर्ण काढा आणि दार हलक्या हाताने लावून बघा. स्ट्रायकर नसताना दार जिथे येऊन थांबतं, ती त्याची खरी जागा. लोंबणारं दार स्ट्रायकर वर सरकवून उचलून धरलेलं असेल, तर ते इथे लगेच उघडं पडतं. दाराचं वजन बिजागऱ्यांनी पेलायचं असतं. स्ट्रायकरवर भार टाकला की लॉक झिजतं आणि दार आपटल्याशिवाय लागत नाही.

४.३ फट वाचा. दाराची मागची बाजू खाली गेली असेल तर दार आणि त्याच्या मागच्या पत्र्यातली फट वरच्या टोकाला चेपते आणि खाली उघडते, शिवाय दाराच्या मध्यावरची रेघ मागच्या पत्र्यावरच्या रेघेखाली उतरते. दार अख्खंच खाली असेल तर फट समांतर राहते, फक्त रेघ जुळत नाही. पहिल्या प्रकारात दार फिरवायचं असतं, दुसऱ्यात उचलायचं.

४.४ हलवा. बऱ्याच गाड्यांत खांबाकडच्या बोल्टांनी दार वर-खाली आणि पुढे-मागे होतं, तर दाराकडच्या बोल्टांनी आत-बाहेर. तुमच्या गाडीत भोकं कोणत्या दिशेला मोठी आहेत ते बघून खात्री करा. काही गाड्यांत बिजागरीची एक बाजू वेल्ड केलेली असते, तिथे तेवढी हालचाल मिळणार नाही.

दाराखाली जॅक, त्यावर लाकडी ठोकळा आणि ब्लँकेट ठेवून दाराचं वजन टेकवा. सगळे बोल्ट एकदम सोडू नका. मागची बाजू उचलायची असेल तर वरच्या बिजागरीचे खांबाकडचे बोल्ट जरा सैल करा, खालच्या बिजागरीचे अगदी थोडे, म्हणजे ती फिरण्याचा आस होईल. मग दाराची वरची बाजू पुढे ढकला. वर १ मिलिमीटर सरकलं की मागच्या टोकाला त्याहून जास्त फरक पडतो, म्हणून एका वेळी जेमतेम जाणवेल एवढंच. बोल्ट आवळा, जॅक काढा, दार लावा, मोजा. जॅक खाली असताना घेतलेलं माप खोटं असतं.

मागच्या दाराच्या बिजागऱ्यांना हात घालायला पुढचं दार उघडं ठेवावं लागतं. पुढच्या दाराच्या बिजागरीचे काही बोल्ट काही गाड्यांत फेंडर काढल्याशिवाय हाताला लागत नाहीत. दारं उरकल्याशिवाय फेंडर आवळू नका, हे सांगण्याचं तेही एक कारण आहे.

४.५ स्ट्रायकर परत लावा. दार स्वतःहून बरोबर जागी आलं की स्ट्रायकर सैल लावा. लॉकच्या खाचेच्या मधोमध तो आला पाहिजे. दार लागताना शेवटच्या क्षणी वर उचललं जात असेल तर स्ट्रायकर वर आहे, खाली दाबलं जात असेल तर खाली. आत-बाहेर सरकवून मागच्या कडेची लेव्हल घ्या, मग पूर्ण टॉर्कला आवळा.

तपासा: दार पहिल्या खटक्यावर अर्धं आणि दुसऱ्यावर पूर्ण लागलं पाहिजे. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि पट्टी ओढा. चारही बाजूंना सारखा विरोध जाणवला पाहिजे. एका जागी पट्टी सहज सुटली तर तिथून पावसाचं पाणी आत येणार.

काचेच्या वरची चौकट तेवढी बाहेर आणि खालचं दार लेव्हलमध्ये असेल, तर बिजागरी निर्दोष आहे, चौकट वाकलीय. तिथे बोल्ट सोडू नका. ते डेंटरचं काम.

## टप्पा ५: फेंडर

फेंडर ओढून धरणारी गोष्ट बहुतेक वेळा बंपर असतो. म्हणून आधी बंपरचे दोन्ही टोकांचे स्क्रू आणि चाकाच्या कमानीतल्या प्लास्टिक लायनरच्या क्लिपा सोडा. एवढं केल्यावरच अनेक गाड्यांत फेंडर दोनेक मिलिमीटर आपोआप परत येतं.

बोल्ट चार जागी असतात: बोनेटच्या कडेखालच्या रांगेत, दार उघडल्यावर वर दिसणारा एक, खाली उंबरठ्याला एक किंवा दोन, आणि पुढे हेडलाइटजवळ. सगळे हाताने फिरतील एवढे सैल करा आणि याच क्रमाने पकडा:

१. दाराजवळचा वरचा बोल्ट. इथे दारालगतची फट आणि लेव्हल ठरते.
२. उंबरठ्याचा बोल्ट. खालची फट वरच्याएवढी करा. फेंडर आत गेलं असेल तर मध्ये शिम घाला.
३. बोनेटखालची रांग, मागून पुढे.
४. हेडलाइटजवळचा, सर्वांत शेवटी.

पुढून सुरुवात केली की सगळा ताण दाराजवळ येऊन साठतो आणि तिथली फट तिरकी होते.

तपासा: दार अगदी सावकाश उघडा, नजर दाराच्या पुढच्या कडेवर ठेवा. दार उघडताना ही कड फेंडरच्या मागे वळते. झटक्यात उघडलं आणि फट कमी असली, तर नवा रंग तिथल्या तिथे सोलला जातो.

थांबा: बोल्टचं भोक कानशीने लांबवावंसं वाटू लागलं तर काम थांबवा. कारखान्याने दिलेल्या भोकात फेंडर बसत नसेल तर त्यामागचा ॲप्रन सरकलाय. पुन्हा टप्पा १ वर या. बाजारातलं स्वस्त बदली फेंडर असेल तर ते मूळ फेंडरशेजारी ठेवून भोकांची अंतरं जुळतात का, हे रंग मारायच्या आधीच बघायला हवं होतं. पुढच्या वेळी तसंच करा.

## टप्पा ६: बोनेट

आधी लॉकचे बोल्ट सैल करा किंवा लॉक काढून ठेवा. चुकीच्या जागी असलेलं लॉक बोनेटला बाजूला खेचतं आणि तुम्ही उगाच बिजागऱ्यांशी झुंजत राहता. पुढचे दोन रबरी स्टॉपर पूर्ण खाली फिरवा.

दोघांनी दोन्ही बाजूंना उभं राहून बिजागरीचे बोनेटकडचे बोल्ट किंचित सैल करा. बोनेट पुढे-मागे आणि तिरकं इथून होतं. चालकाच्या आसनावरून पाहताना बोनेटचं नाक डावीकडे गेलं असेल, म्हणजे डावी फट पुढे चेपलेली असेल, तर बोनेटची डावी बाजू बिजागरीवर किंचित पुढे घ्या किंवा उजवी किंचित मागे. मागच्या कोपऱ्यांची उंची बिजागरीच्या बॉडीकडच्या बोल्टांनी ठरते, तिथे शिमही चालतो. मागची कड वायपरखालच्या प्लास्टिकला किंवा काचेला टेकणार नाही, याकडे लक्ष ठेवा.

बोनेट पहिल्यांदा खाली आणताना हाताने अलगद टेकवा. वरून सोडू नका. एका कोपऱ्याने फेंडरला दात मारला की दोन पत्र्यांचा रंग एकदम जातो.

फटी जुळल्या की रबरी स्टॉपर एकेक वळसा वर आणत पुढच्या कोपऱ्यांची उंची फेंडरबरोबर करा. आता लॉक लावा: सैल ठेवून बोनेट हळू दाबा म्हणजे ते आपली मधली जागा घेईल, मग आवळा. लॉक लागल्यावर बोनेट स्टॉपरवर किंचित दाबून बसलं पाहिजे. हाताने दाबल्यावर खडखड वाजत असेल तर लॉक थोडं खाली घ्या.

तपासा, आणि हे टाळू नका: आतली लिव्हर ओढल्यावर बोनेट दुसऱ्या, सुरक्षेच्या खटक्यावर अडकून राहतं का? पाच वेळा उघडा-लावा करून बघा. कसारा घाटाच्या उतारावर बोनेट उडून काचेवर येणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. हा खटका नीट लागत नसेल तर गाडी रस्त्यावर काढू नका.

डिकीचं तत्त्वही हेच: आधी स्ट्रायकर काढा, बिजागरी जुळवा, मग रबरी स्टॉपर, शेवटी स्ट्रायकर. गॅसचे दांडे काढले असतील तर दार धरायला माणूस लागेल.

## टप्पा ७: बंपर आणि हेडलाइट

हेडलाइट आधी, कारण बंपरची वरची कड त्याच्याशी जुळते. बोनेट लावून हेडलाइटभोवतीची फट बघा आणि मगच बोल्ट आवळा.

बंपर फेंडरपासून सुटून दिसतो, तेव्हा दहापैकी बहुतेक वेळा फेंडरला लावलेला प्लास्टिकचा ब्रॅकेट तुटलेला असतो. तो स्वस्त भाग आहे, बदलून टाका. त्याऐवजी बाहेरून स्क्रू मारणं ही नाशिकच्या रस्त्यांवर रोज दिसणारी चूक आहे. स्क्रूभोवतीचं प्लास्टिक तडकतं, पुढच्या उन्हाळ्यात बंपर तिथेच फुगतो आणि हजारो रुपयांचा भाग वाया जातो.

बंपर मधून बाहेर बसवत न्या, टोकं शेवटी. पुढे रडार किंवा कॅमेरा असलेली गाडी असेल तर बंपर काढल्या-लावल्यानंतर कॅलिब्रेशनबद्दल (त्यांची नेमकी दिशा पुन्हा जुळवण्याबद्दल) सर्व्हिस सेंटरला विचारा. नंतर गाडी जमिनीवरच्या खुणांवर आणून भिंतीवरच्या टेपशी झोत ताडून घ्या.

## टप्पा ८: आवळणी, गंज, पाणी

पक्का टॉर्क गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. फेंडरच्या ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतात, बिजागरीच्या ८ मिलिमीटरच्या बोल्टला २० ते २५ च्या आसपास. फेंडरचे बोल्ट पूर्ण ताकदीने आवळले की मागचा वेल्ड केलेला नट सुटून फिरू लागतो आणि मग अर्धी गाडी खोलावी लागते.

बोल्ट सरकले तिथला रंग खरवडला गेलेला असतो. तिथे प्रायमर आणि टच-अप लावा, आतल्या पोकळीत वॅक्स फवारा. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात फिरणाऱ्या गाडीचा गंज बिजागरीखालूनच सुरू होतो. बोल्टच्या डोक्यावरचा रंगही भरून घ्या. उघडं डोकं गंजतंच. मात्र पुढे गाडी विकताना दुरुस्ती झाल्याचं घेणाऱ्याला स्वतःहून सांगा, बिल असेल तर दाखवा.

मग पाणी. आत एक माणूस टॉर्च घेऊन बसवा, बाहेरून पाइपने खालून वर पाणी मारत या, प्रत्येक दारावर दोन-तीन मिनिटं. वरून सुरुवात केली तर गळती नेमकी कुठे आहे, ते कळत नाही.

बॅटरी जोडल्यावर काचेचं ऑटो बटण काही गाड्यांत पुन्हा शिकवावं लागतं, ती पद्धत पुस्तिकेत असते. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा चालूच राहिला तर स्कॅनर लावून घ्या.

शेवटी ओझरच्या दिशेने हायवेवर ८०च्या वेगाने जाऊन या, काचा बंद, पंखा आणि गाणी बंद. शिट्टी ऐकू आली तर सोबतच्या माणसाने आतून फटीच्या रेषेवर हात फिरवत जावं, आवाज जिथे बदलतो तिथली लेव्हल पुन्हा मोजावी. पाचशे किलोमीटर झाल्यावर टप्पा ३ चा कागद काढून त्याच जागी पुन्हा माप घ्या. आकडे जुळले तर बोल्टांना हात लावू नका. एखाद्या दाराची मागची बाजू मिलिमीटरभर उतरली असेल, तर आधी त्याच बिजागरीचे बोल्ट टॉर्क रेंचने तपासा. ते घट्ट निघाले तर पिन-बुश पुन्हा बघा.